तेरा सेंटिमीटर : नववीच्या इतिहास प्रकल्पाच्या नोंदी

सोमवार, २२ जुलै २०२४

नववीचे ३६ विद्यार्थी, शाळेच्या व्हरांड्यातली एक भिंत आणि ५७ दिवस. १७ सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, 'स्वतंत्र भारतातल्या महत्त्वाच्या घटना' हा कालपट भिंतीवर लावायचा. नववीचं पुस्तक मुख्यतः १९६० नंतरच्या भारताचं आहे, पण सुरुवात १९४७ पासूनच करू आणि २००० ला थांबू असं ठरलं. दुसऱ्या कुठल्या शाळेला हे करावंसं वाटलं तर आमच्या चुका त्यांना टाळता याव्यात, म्हणून ही वही ठेवते आहे.

आमचं गाव उमरगा तालुक्यात, सोलापूर–हैदराबाद रस्त्यापासून जवळ.

शनिवार, २७ जुलै

पहिली मांडणी पूर्ण वाया गेली. मुलांनी २४ घटना निवडल्या, प्रत्येकीचं एक कार्ड केलं आणि कार्डं सारख्या अंतरावर डकवली. दिसायला सुबक. मागच्या बाकावरच्या एका मुलानं विचारलं, "मॅडम, इंदिरा गांधींची हत्या आणि भोपाळ यांच्यात जेवढं अंतर आहे, तेवढंच बासष्टच्या आणि पासष्टच्या युद्धात कसं काय?" ३१ ऑक्टोबर १९८४ आणि २–३ डिसेंबरची रात्र, म्हणजे मध्ये महिनाभर. चीनच्या आणि पाकिस्तानच्या युद्धांत मात्र जवळपास तीन वर्षं. प्रश्न बरोबर होता. अशी माळ लावली तर तो काळाचा पट होत नाही, नुसती यादी होते.

कार्डं काढताना आणखी एक कळलं. डबल टेपबरोबर भिंतीचा चुना पापुद्र्यासारखा निघून आला. टेपचे १८० रुपये गेले आणि भिंतीला चोवीस पांढरे डाग पडले. चुना मारलेल्या भिंतीवर टेप लावू नका.

गुरुवार, १ ऑगस्ट

भिंत मोजली. दोन दारं आणि सूचना फलक वगळून सलग मोकळी जागा सुमारे ६७० सेंटिमीटर. १९४७ ते २००० ही दोन्ही धरून ५४ वर्षं. एका वर्षाला १२ सेंटिमीटर दिले तर ६४८ होतात, म्हणजे बसतं. आणि वर्षाला १२ म्हणजे महिन्याला बरोबर एक सेंटिमीटर. हे माप योगायोगानं हाती आलं, पण पुढचा सगळा प्रकल्प त्याच्यावर उभा राहिला. कुठलीही तारीख पट्टी लावून सापडते. आणीबाणी २५ जून १९७५ ते २१ मार्च १९७७, म्हणजे जवळपास २१ सेंटिमीटर. मुलांनी तेवढी पट्टी काळ्या खडूनं रंगवली आणि बराच वेळ तिच्याकडे बघत उभी राहिली. 'एकवीस महिने' हे शब्द मी पंधरा वर्षं वर्गात उच्चारते आहे, तेवढा परिणाम कधी झाला नव्हता.

अडचण एकच : कार्ड १० सेंटिमीटर रुंद आणि १९८४ च्या सहा महिन्यांत तीन मोठ्या घटना. उपाय असा केला की रेषेवर फक्त टाचणी, कार्ड वर किंवा खाली जिथे जागा असेल तिथे आणि दोघांना जोडणारा दोरा.

मंगळवार, ६ ऑगस्ट

टाचणी टोचायला भिंत चालत नाही. थर्माकोल नको होता. तागाची पोती उसवून, जोडून, शिवून टांगायची असं ठरलं. शाळेच्या कोठीतली रिकामी पोती काढली तर मुख्याध्यापकांनी थांबवलं. पोषण आहाराच्या रिकाम्या पोत्यांचाही हिशेब ठेवावा लागतो. चूक माझी, आधी विचारायला हवं होतं. चार पोती उसवून झाली होती, ती परत शिवून ठेवली. अर्धा दिवस गेला.

मग आडतीवरून १२ पोती आणली, २५ रुपयांना एक. उसवलेलं पोतं साधारण ११४ सेंटिमीटर रुंद भरतं. सहाची एक रांग, अशा दोन रांगा. दोन मुलींच्या आयांनी दाभणानं शिवून दिलं. वरची रांग 'देशात', खालची 'आपल्याकडं'. दोन रांगांची कल्पना तेव्हा फक्त पोती उरली म्हणून सुचली होती, हे लिहून ठेवते.

सोमवार, १२ ऑगस्ट

खालच्या रांगेसाठी प्रत्येकाला घरातल्या किंवा शेजारच्या म्हाताऱ्या माणसाला विचारून यायला सांगितलं होतं. छापील प्रश्नावलीतला पहिला प्रश्न : '१५ ऑगस्ट १९४७ रोजी आपल्या गावात काय घडले?'

३६ पैकी ११ कागदांवर जवळजवळ एकच वाक्य : 'गावात आनंदाचे वातावरण होते, झेंडावंदन झाले व मिठाई वाटण्यात आली.' ही मोबाईलवरून उतरवलेली उत्तरं होती. ज्यांनी खरंच विचारलं होतं त्यांच्यातल्या काहींना आज्जीनं नंतरच्या कुठल्या तरी वर्षाचं झेंडावंदन सांगितलं होतं. एका मुलीच्या कागदावर मात्र तिच्या आज्ज्याचं बोलणं जसंच्या तसं होतं : "तवा कुठला झेंडा? निजामाचं राज होतं. तिरंगा दिसला असता तर रझाकारांनी घर पेटवलं असतं." (रझाकार म्हणजे निजामाच्या बाजूची सशस्त्र संघटना.)

मी हा कागद वर्गात मोठ्यानं वाचला आणि विचारलं, की १५ ऑगस्टला आपलं गाव स्वतंत्र झालं का? बहुतेक हात 'हो' साठी वर गेले. आपला भाग निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता आणि ते संस्थान १७ सप्टेंबर १९४८ ला भारतात आलं. आठवीत हा हैदराबाद मुक्तिसंग्राम शिकलेली हीच मुलं. धडा वेगळा आणि गाव वेगळं असं त्यांच्या डोक्यात होतं. यात मुलांचा दोष नाही, मीही तो धडा कधी आमच्या वेशीपर्यंत आणला नव्हता.

प्रश्नावली रद्द केली. छपाईचे ७० रुपये पाण्यात.

शुक्रवार, १६ ऑगस्ट

नवे प्रश्न हातानं लिहिले. तारीख विचारायची नाही, वस्तू आणि वाट विचारायची. घरात कुठलं नाणं चालायचं? बाजाराला कुठं जायचात? वाटेत कोण अडवायचं? घर सोडून जावं लागलं का? गेलात तेव्हा शेतात काय उभं होतं?

उत्तरं एकदम बदलली. 'करोडगिरी' हा शब्द सात कागदांवर आला. सोलापूरकडून येताना निजामाच्या हद्दीत जकात भरायचा नाका. सरहद्द ओलांडून सोलापूर, बार्शी भागात जाऊन राहिलेल्या कुटुंबांच्या गोष्टी आल्या. काही घरांतली तरुण मुलं तिकडच्या सरहद्दीवर निजामाविरुद्ध लढणाऱ्यांच्या कॅम्पांत होती. 'हाली' आणि 'कलदार' हे शब्द आले : हाली म्हणजे निजामाचा रुपया, कलदार म्हणजे इंग्रजांच्या हिंदुस्थानातला. सहा कलदाराला सात हाली. गणिताच्या सरांनी त्यावर दोन उदाहरणं घातली.

तारखेऐवजी पीक विचारायची युक्ती फार उपयोगी पडली. "ज्वारी पेरून झाली होती" म्हटलं की महिना सापडतो. "लई पाऊस होता" म्हटलं की काहीच सापडत नाही.

शनिवार, २४ ऑगस्ट

हा आठवडा सनावळीनं खाल्ला.

गावच्या प्राथमिक शाळेचं जुनं दाखल-खारीज रजिस्टर पाहायला मिळालं. त्यात तिरंग्याचं सांगणाऱ्या त्या आज्ज्यांची नोंद सापडली : महिना तीर, सन १३४९. मुलीनं कार्डावर 'जन्म १३४९' लिहून आणलं आणि वर्ग हसला. मी हसू दिलं नाही, कारण मलाही लगेच उलगडा झाला नव्हता. हा हैदराबाद संस्थानचा फसली सन. आझूर हा पहिला महिना साधारण ऑक्टोबरात सुरू होतो, आबान हा शेवटचा सप्टेंबरात संपतो. हिशेब असा : ऑक्टोबर ते डिसेंबरमधली नोंद असेल तर फसली सनात ५९० मिळवायचे, जानेवारी ते सप्टेंबरमधली असेल तर ५९१. तीर म्हणजे ढोबळमानानं मे. म्हणजे आज्ज्यांचा जन्म १९४० च्या मे महिन्यातला. पोलीस ॲक्शनच्या, म्हणजे सप्टेंबर १९४८ मध्ये भारतानं हैदराबादेत फौजा घातल्या त्या वेळी ते आठ वर्षांचे होते.

कोष्टक करून भिंतीवर लावलं आणि दुसऱ्याच दिवशी ते चुकलं. एका मुलानं पणजीच्या गाठोड्यातला रुपया आणला, वर चारमिनार, खाली उर्दू आकड्यांत १३६१. त्यानं ५९० मिळवून १९५१ काढलं. तोपर्यंत हैदराबाद भारतात येऊन तीन वर्षं झाली होती, मग निजामाचा नवा रुपया कुठून आला? दोन दिवस आम्ही कोष्टकातच चूक शोधत बसलो. शेवटी उमरग्याच्या एका निवृत्त उर्दू शिक्षकांनी नाणं हातात घेताच सांगितलं, की नाण्यावर हिजरी सन असतो, दप्तरात फसली. हिजरी १३६१ म्हणजे १९४२. दोन सन एकाच राज्यात, एकाच वेळी. जुन्या निजाम हद्दीतल्या कुणीही हा प्रकल्प हाती घेतला तर हे आधी वाचावं, आमचे चार दिवस गेले ते तुमचे वाचतील.

मंगळवार, ३ सप्टेंबर

पोळ्याच्या आधीपासून पाऊस. व्हरांड्यात ओल आली, कार्डशीट वाकली, रंगीत पेनाची शाई पसरली. १४ कार्डं पुन्हा लिहावी लागली. आता बॉलपेन आणि पेन्सिल, बाकी काही नाही. ज्या तारखेला दोन आधार मिळाले नाहीत ती पेन्सिलनं लिहायची, मिळाले की पेननं.

या नियमावरून दोन मुलांत भांडण झालं. आणीबाणी २५ जूनची की २६ ची? दोघांकडे आधार होते. घोषणेवर राष्ट्रपतींची सही २५ च्या रात्री झाली आणि पंतप्रधानांनी आकाशवाणीवरून देशाला सांगितलं ते २६ च्या सकाळी. आम्ही टाचणी २५ वर लावली आणि कार्डावर दोन्ही गोष्टी लिहिल्या. किल्लारीच्या भूकंपाचंही तेच झालं. घरोघरी '२९ च्या रात्री, गणपती विसर्जनानंतर' असं सांगतात. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी झाला, म्हणून कागदावर ३० सप्टेंबर १९९३. इथे मात्र एकाही मुलाला पुस्तक उघडावं लागलं नाही. खालच्या रांगेत १९९३ च्या बारा सेंटिमीटरवर २३ दोरे आले. कार्डं ठेवायला जागा उरली नाही, तेव्हा खाली आणखी एक पोतं जोडलं.

त्याच्या उलट १९७२. वरच्या रांगेत सिमला करार. खालच्या रांगेत दुष्काळ : खडी फोडणं, मिलो ज्वारीच्या लाल भाकरी, सुकडी, गावच्या पाझर तलावाचं काम. एका मुलीनं विचारलं, "आपला दुष्काळ वर का नाही?" मी म्हटलं, का नको? तिनंच शोधून आणलं, की दुष्काळी कामांच्या अनुभवातून महाराष्ट्रात रोजगार हमी योजना आली, १९७७ मध्ये तिचा कायदा झाला आणि २००५ मध्ये देशाचा रोजगार हमी कायदा झाला. खालून वर जाणारा पहिला दोरा तिनं ओढला. २००५ आमच्या पटाबाहेर पडतं म्हणून तो दोरा पोत्याच्या कडेला बांधून खाली सोडला आहे.

शुक्रवार, ६ सप्टेंबर

आजची नोंद लिहायला जड जाते आहे.

मी आरंभी रंग ठरवून दिले होते : आनंदाच्या घटनेला हिरवा दोरा, दुःखाच्या घटनेला लाल. १७ सप्टेंबर १९४८ ला वर आणि खाली हिरवा दोरा लावून झाला होता. रझाकारांनी जाळलेल्या घरांची, लपून काढलेल्या रात्रींची पाच कार्डं त्याच्या डाव्या बाजूला, लाल दोऱ्यांची. मग हिरवा. पट असा सरळ दिसत होता.

वर्गातली एक मुलगी तीन आठवडे 'आमच्याकडं कुणाला काही आठवत नाही' असं सांगत होती. आज शाळा सुटल्यावर ती थांबली आणि घडी घातलेला कागद दिला. तिची पणजी तेव्हा पंधरा-सोळा वर्षांची. ॲक्शननंतर शेजारच्या गावातून माणसं मुसलमानांच्या घरांवर चालून आली. पणजीला आणि तिच्या दोन नणंदांना एका मराठा शेतकऱ्यानं आठ दिवस रिकाम्या पेवात, म्हणजे धान्य साठवायच्या जमिनीखालच्या खड्ड्यात लपवलं, रात्री भाकरी खाली सोडायचा. पणजीचा दीर परत आला नाही. तो रझाकार नव्हता, विणकर होता.

ही एकाच घरातली गोष्ट नाही. केंद्र सरकारनं १९४८ मध्येच पंडित सुंदरलाल यांची समिती या हिंसाचाराची पाहणी करायला हैदराबाद संस्थानात पाठवली होती. सर्वांत जास्त झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत तिनं उस्मानाबाद, म्हणजे आपला आजचा धाराशिव, धरला होता आणि मृतांचा अंदाज २७ ते ४० हजारांचा दिला होता. हा अहवाल अनेक दशकं लोकांसमोर आला नाही. मला तो ठाऊक होता. तरी मी मुलांना हिरवा दोरा दिला, हे मला आज रात्री सोसत नाही.

मुलीला विचारलं, कागद लावायचा की नको, तू ठरव. घरी विचारून सांगते म्हणाली.

शनिवार, १४ सप्टेंबर

महालक्ष्म्यांच्या तीन दिवसांत शाळेत कुणीच नव्हतं, ते धरूनच चला.

मुलीनं होकार आणला. पणजीनं एक अट घातली : नाव लिहायचं नाही, त्या शेतकऱ्याचंही नाही, त्याची नातवंडं गावात आहेत आणि त्यांना आधी विचारायला हवं. ते आम्हाला सुचायला हवं होतं. मग सगळ्याच कार्डांवरची नावं काढली, 'एक आज्जी', 'एक शेतकरी' असं केलं. ३१ कार्डं पुन्हा लिहिली. मुलाखती घेण्याआधीच नावाचं विचारून घ्या.

हिरवा-लाल भेद काढून टाकला. सगळे दोरे आता साध्या सुतळीचे.

रविवार, १५ सप्टेंबर

शेवटची उभारणी. सकाळी आठ ते संध्याकाळी सहा, ११ मुलं. सोमवारी ईदची सुटी, म्हणून आजच.

सुरुवातीच्या भागावर सगळ्यांत जास्त वेळ दिला. १५ ऑगस्ट १९४७ ची टाचणी आणि १७ सप्टेंबर १९४८ ची टाचणी यांच्यात तेरा महिने आणि दोन दिवस. पट्टीवर तेरा सेंटिमीटर. वरच्या रांगेत या जागेत देश पुढे चालला आहे : फाळणी, काश्मीर, २९ नोव्हेंबर १९४७ चा निजामाशी झालेला जैसे थे करार, ३० जानेवारी १९४८ ची गांधीहत्या. खालच्या रांगेत करोडगिरी, रझाकार, सोडलेली घरं. १३ सप्टेंबरला सोलापूरकडून भारताच्या फौजा निघाल्या, त्याच दिवशी नळदुर्ग घेतलं. खाली तेव्हाच्या आठ वर्षांच्या मुलाचं कार्ड : 'रस्ता दिवसभर हादरत होता. आईनं आम्हाला ज्वारीत बसवलं.' मग १७. त्याच्या उजवीकडे, रेषेला अगदी लागून, पेवाचं कार्ड.

मुलांच्या मनात पक्की बसलेली एक चूक इथे सुटली. १७ सप्टेंबरला मराठवाडा महाराष्ट्रात आला असं बहुतेकांना वाटत होतं. आम्ही पट्टी पुढे सरकवली : द्विभाषिक मुंबई राज्यात १ नोव्हेंबर १९५६, म्हणजे आणखी जवळपास ९७ सेंटिमीटर. महाराष्ट्र १ मे १९६०, त्याच्या पुढे ४२. एक मुलगा ते अंतर पावलांनी चालला.

मंगळवार, १७ सप्टेंबर

अनंत चतुर्दशी आजच आली. दुपारनंतर सगळं गाव मिरवणुकीत असणार हे मी महिनाभर आधी पंचांगात पाहायला हवं होतं. झेंडावंदनानंतर लगेच पट खुला केला, साडेअकराला बंद. तरी दीडशेच्या आसपास माणसं येऊन गेली.

चौऱ्याऐंशी वर्षांचे आज्जे नातीच्या खांद्यावर हात ठेवून आले. आपलं कार्ड वाचून घेतलं. मग शेजारचं पेवाचं कार्ड वाचायला सांगितलं. ऐकून म्हणाले, "आमच्या बी घरात दोन बाया होत्या. बळदात. आईनं कुणाला सांगू दिलं नव्हतं." बळद म्हणजे घरातली धान्याची कोठी. नातीला हे ठाऊक नव्हतं. तिनं तिथेच जमिनीवर बसून कार्ड लिहिलं.

पणजी आल्या नाहीत. मुलीनं मोबाईलवर सगळ्या पटाचा फोटो काढून नेला, पेवाच्या कार्डाचा वेगळा.

शनिवार, २१ सप्टेंबर

हिशेब : डबल टेप १८०, कार्डशीट ३६०, पोती ३०० (नंतर जोडलेलं तेरावं आडतीवाल्यानं तसंच दिलं), सुतळी ६०, टाचण्या ४०, झेरॉक्स १४०, फोटो छपाई २२०. एकूण १,३०० रुपये. त्यातले अडीचशे सरळ वाया गेले, टेपचे आणि पहिल्या प्रश्नावलीचे. वेळेचं सांगायचं तर मुलाखतींना दोन आठवडे धरले होते, पाच लागले.

पट दिवाळीपर्यंत व्हरांड्यातच राहणार आहे. काल एका आज्जीनं शाळेच्या फाटकाशी गाठून सांगितलं, की १९६५ सालचं आमचं काहीच लावलेलं नाही, माझा दीर सैन्यात होता. सोमवारी दोन मुलं तिच्याकडे जाणार आहेत. नव्या वहीच्या पहिल्या पानावर त्यांनी लिहिलं आहे : नाव लिहायचं का, ते आधी विचारणे.